चिरलेली द्राक्षं

"आई, मी नववीत गेले तरी डब्यात द्राक्षं चिरून का देतेस गं?" हे आईला विचारायची माझी हिंमत होणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि पैज हरणारी मी नव्हेच.

आईची सुरी थांबली. बोलले ते बाबा. "तुझ्याआधी तुझी ताई होती. दहा महिन्यांची. अख्खं द्राक्ष घशात अडकलं. रडली नाही, खोकली नाही. आम्हाला वाटलं, शहाण्यासारखी गप्प बसून खातेय."

"काढायला मी बोट घातलं," आई म्हणाली, "तर ते आणखी आत गेलं."

मावशी पुन्हा नोकरीवर जाणार होती. तिचं बाळ दिवसभर सांभाळायला आई का नकार देतेय, ते मला आत्ता कळलं.

"मावशीचं बाळ दिवसा आपल्याकडेच राहणार," मी दोघांना सांगून टाकलं. "पण घशात काही अडकलं तर काय करायचं, ते आधी दवाखान्यात जाऊन शिकायचं. तिघांनीही."