स्वच्छ ऐकू आलं

अरुळानंदमनं हेडफोन कानांवर चढवले आणि मैलापूरची ती गल्लीच नाहीशी झाली. चर्चचा कर्णा, रिक्षा, शेजारच्या ओट्यावर दगडानं मृदंगाची शाई घोटणारा मेहुणा, सगळं एकदम बंद. पन्नास वर्षांत त्याच्या वाट्याला अशी शांतता आली नव्हती.

तो मृदंग बनवायचा. त्याचा बाप आणि आजाही तेच करत. सूर लावायला दगड ठोकून ठोकून उजवा कान जरा मंदावला होता, म्हणून त्यानं काल रिची स्ट्रीटवरून हे हेडफोन आणले होते. दुकानात मांडून ठेवलेला नमुना, खोका फाटलेला, म्हणून निम्म्या किमतीत मिळाले.

एका कानावरची वाटी सरकवून त्यानं फिलोमिनाला म्हटलं, "ऐकायचंय?"

"नको बाई. सूट मिळाली म्हणून डोक्याला डबे बांधून बसा तुम्हीच," त्याची बायको म्हणाली आणि भात वेळायला आत गेली.

त्यानं पंचापकेशनांनी दिलेली मैफलीची ध्वनिफीत लावली. पंचापकेशन म्हणजे मोठे मृदंगवादक. त्यांच्या घरचे मृदंग तीन पिढ्या अरुळानंदमच्याच ओट्यावर तयार होत आले होते. "ऐक, कसं बोलतंय तुझं लाकूड," असं म्हणून गेल्या आठवड्यात त्यांनी ती दिली होती. फोनच्या भोंग्यावर त्यानं ती दोनदा ऐकलीही होती. सुरुवातीला नुसती खरखर आणि मग वादन.

आज खरखरीच्या जागी माणसं बोलत होती. मंचावरचा माईक आधीच चालू राहिलेला असणार. कुणीतरी व्हायोलिन जुळवत होतं आणि पंचापकेशन अगदी कानात बोलावं तसे शिष्याला सांगत होते,

"मृदंग तसाच मांडीवर काय घेतोस? आधी ओल्या फडक्यानं पूस. नीट पूस. त्या लोकांच्या हातचा वास जात नाही रे. घरी मी पाणी शिंपडल्याशिवाय आत घेत नाही."

व्हायोलिनवाला हसला. मग पंचापकेशनही हसले. "बाकी हात सोन्याचा आहे हो त्याचा," असंही म्हणाले.

मागोमाग फडकं फिरल्याचा आवाज आला. चामड्यावरून, कडेवरून, पुन्हा चामड्यावरून. तोसुद्धा स्वच्छ.

आणि मृदंग सुरू झाला. डाव्या तोंडाचा घुमारा इतका खोल की चामड्यावर लावलेल्या रव्याच्या लगद्याचा ओलावा कळावा. उजवीकडची शाई घंटेसारखी मोकळी. फणसाच्या लाकडाची जाडी त्यानं जिथे केसभर कमी केली होती, तिथला गोडवा त्याला वेगळा ऐकू आला. असं काम आपल्या हातून झालं, हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं. तो ठेक्यावर मान डोलवू लागला.

मग ते त्याच्या लक्षात आलं. ते शब्द ऐकून पुरती दोन मिनिटं झाली नव्हती आणि मान डोलत होती. त्याला स्वतःच्या मानेचीच किळस आली. त्यानं हेडफोन ओरबाडून काढले, मागच्या नळाशी गेला आणि कान धुतले. साबण लावून पुन्हा धुतले. ओल्या कातड्यांच्या ढिगाशेजारी बसून तो रोज जेवायचा, कधी काही वाटलं नव्हतं. आज भाताचं ताट समोर आलं तसं त्यानं दूर सारलं.

फिलोमिनानं पाठीवरून हात फिरवला आणि काय झालं ते काढून घेतलं. मग म्हणाली, "आत्ता येतील ते मृदंग न्यायला. मुकाट्यानं द्या. त्यांचे शिष्य गेले तर निम्मी गिऱ्हाइकं गेली."

पंचापकेशन आले ते नेहमीसारखे उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "झाला का रे? संध्याकाळी वाजवायचाय."

अरुळानंदमनं मृदंग बाहेरच्या बाकावर आणून ठेवला. त्यांनी दोन बोल वाजवले आणि डोळे मिटले. "वा! आणि मी दिलेलं ऐकलंस की नाही?"

"ऐकलं, सामी. नवे हेडफोन घेतलेत."

"मग? कसं वाटलं?"

"डावं तोंड फार खोल येतं. शाई मोकळी बोलते. आणि सुरू व्हायच्या आधी तुम्ही फडक्याचं बोललात, तेही स्वच्छ येतं."

आत फिलोमिनाच्या हातातली पळी थांबली.

पंचापकेशन हसले. "ते होय! अरे, ती आमच्या घरची जुनी रीत. तू मनाला लावून घेऊ नकोस. तू मला मुलासारखा."

"मनाला नाही लावलं. तुमचीच काळजी वाटली." अरुळानंदम खाली बसून शांतपणे गवसणी चढवू लागला. "ही चामड्याची वादी ओली असताना नुसत्या हातानं ताणली जात नाही, सामी. दातांत धरून ओढावी लागते. आजा तसंच करायचा, बापही. लहानपणापासून तुम्ही वाजवलेला एकेक मृदंग आमच्या तोंडातून गेलाय. वरवर पुसून काय होणार?"

पंचापकेशनांची बोटं वादीवर होती. ती उचलली गेली. त्यांनी धोतराला हात पुसला, पण मग तो हात कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

मैफल सहाला होती आणि दुसरा मृदंग नव्हता. त्यांनी गवसणीची दोरी दोन बोटांत धरली आणि वाद्य अंगापासून लांब ठेवून ते गाडीकडे निघाले. मृदंग जड होता. दर पावलाला तो त्यांच्या गुडघ्यावर आपटत होता आणि दर वेळी आतून अचूक सुरात बोलत होता.