बद्द वाजलेलं नाणं

नाणं बद्द वाजलं. लेकीने ते पुन्हा बोटाच्या टोकावर तोललं आणि लाकडी पेन्सिलीने हलकेच टिचकी दिली. पुन्हा बद्द. समोरच्या खुर्चीत बसलेल्या बाबांनी मान किंचित खाली घातली. त्यांची नजर गेली होती, कान मात्र अजून तिखट होते.

पातळसं, चांदीचं, जुनं ग्रीक नाणं. एका बाजूला उठावाचं कणीस, पाठीला तेच कणीस खोलगट. उभ्या आयुष्यात बाबांनी दुसऱ्यांची नाणी पारखली. स्वतःचं म्हणून हे एकच जपलं. आता ते संग्रहालयाला द्यावं, काचेच्या कपाटात त्याच्याशेजारी आपल्या नावाची चिठ्ठी लागावी, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. आणि संग्रहालयात नाण्यांच्या बाबतीत शेवटचा शब्द होता लेकीचा. दैव कधीकधी असं घरातल्या घरात कोर्ट भरवतं.

तिने वजन केलं. कमी भरलं. भिंगाखाली धरलं. अंगावर बारीक बारीक छिद्रं. आवाज, वजन, अंग, तिन्ही साक्षीदार एकच सांगत होते: हे जुन्या रीतीने ठशाखाली ठोकलेलं नव्हे, साच्यात ओतलेलं, म्हणजे नकली. पण तसं म्हणायला तिची जीभ रेटेना. एका सहीचा तर प्रश्न, कोण बघायला येणार होतं? मात्र हातात नाणं असताना समोर सासरा असो की सरकार, दिसता कामा नये, हे तिला याच माणसाने शिकवलं होतं.

"बाबा, ओतीव आहे," ती म्हणाली.

बाबा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, चांदी आतून ठिसूळ झालेली तर नसेल? हजारो वर्षं मातीत राहिलेल्या चांदीचं कधीकधी तसं होतं. मग अस्सल नाणंही हलकं भरतं, बद्द वाजतं. तिलाही ते ठाऊक होतं. पण मोडून पाहिल्याशिवाय ते कळायचं कसं? संग्रहालयातलं धातू तपासायचं मशीन वरच्या कातडीपुरतंच बोलतं. आणि शंकेच्या जोरावर अस्सल म्हणून सही करायची नाही, हाही बाबांचाच धडा.

"लिही मग," ते म्हणाले.

तिने लिहिलं. अक्षर सरळ आलं, खाली सहीही.

बाबांनी टेबलावर चाचपून पक्कड शोधली. ती त्यांचीच, तिला नोकरी लागली तेव्हा त्यांनी दिलेली. खोटं ठरलेलं नाणं मालकाला विचारून तिथल्या तिथे वाकवायचं, म्हणजे पुढे कोणी फसत नाही, असा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता. अशा वाकलेल्या नाण्यांनी घरातला एक डबा भरला होता. लहानपणी ती त्या नाण्यांनी भातुकली खेळायची.

त्यांना थांबवावं असं तिला वाटलं. पण काय म्हणून थांबवणार? आत्ताच तर तिने सही केली होती. मालक तेच, शिरस्ताही त्यांचाच. म्हातारा माणूस निदान आपल्या हाताने निकाल लावतोय, लावू दे, असं मनाला समजावत ती बघत राहिली. बाबांनी नाण्याची कड पकडीत धरली आणि जोर लावला.

कट्.

बिस्कीट मोडावं तेवढाच आवाज. दोन तुकडे झाले. मोडलेल्या कडेवर साखरेसारखा करडा रवा चमकत होता. ओतलेली नवी चांदी कधी अशी मोडत नाही. बाबांना दिसत नाही, देवाने तेवढी तरी दया केली, असं वाटून तिने तुकडे उचलायला हात पुढे केला.

पण त्यांचा अंगठा मोडलेल्या कडेवरून सावकाश फिरत होता. फिरून पुन्हा फिरत होता.

"डब्यातली सगळी वाकली होती गं," ते म्हणाले. "हे एकच मोडलं."