दोन दिवस आधी

“पाय ठेवा, माय. पुरा भार द्या,” जगदेव म्हणाला.

तुळसाबाईनं लुगडं घोट्याच्या वर धरलं आणि चामड्यावर पाय ठेवला. केनवडच्या बाजारात तयार वहाणांचे दोन ढीग होते, त्यातली एकही जोडी तिच्या पायात शिरली नव्हती. वहाणा शिवणाऱ्या जगदेवनं कोळशानं पायाभोवती रेघ ओढत आणली, पायाला बोट लागू न देता. करंगळीपाशी रेघ चामड्याच्या बाहेर गेली.

“हे कमी पडते,” तो म्हणाला आणि त्यानं दुसरा तुकडा काढला. तो हसला नाही, त्याचं तिला बरं वाटलं.

“कुठवर चालाचं हाये?”

“माहूरपावतर. रेणुकामायले.”

“मंग तळ दुहेरी घेतो. जड होतीन जराशा.”

“जड चालतीन. शिवण उसवली नाई पाहिजे. अन् टाच जाड ठेव. माह्या साऱ्या अंगाचा भार टाचेवरच येते.”

एवढं ती आजवर कोणापाशी बोलली नव्हती. शेजारी तिनं बाजारातून घेतलेलं सामान होतं. पाण्याची छागल होती, आणि बाभळीची काठी होती. आधी वेळूची पाहिली होती, पण टेकताच ती वाकली. पंधरा दिवस ती रोज शेताच्या बांधानं चालून पाहत होती. पाय दमत नव्हते, पण कोसभर चाललं की मांड्या घासून सोलवटत. मानमोडीच्या साथीत गेलेल्या नवऱ्याचं एक धोतर पेटीत होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्याचा तिनं लुगड्याच्या आत घालायला चोळणा शिवला. बेत बरोबर की चूक, हे विचारायला गावात तिच्या अंगाची दुसरी बाई नव्हती.

तेवढ्यात शेजारची गोमतीबाई आली. चैती पुनवेला माहूरला जाणाऱ्या जथ्थ्यात तीही होती.

“तुमी वहाना कायले शिवून राह्यल्या? नानाजीनं सांगतलं नाई काय?”

नानाजी जथ्थ्याचे म्होरके.

“काय सांगाचं होतं?”

“तुमच्यासाठी गाडीत जागा ठेवली हाये. पिठाच्या पोत्यायपाशी. तुमच्यासाठी साऱ्यायले थांबा लागलं, तं पुनव हुकते.”

“कधी ठरलं?”

“काल. देवळात बसलो होतो सारे.”

“मी घरीच होती काल.”

गोमतीबाई हातातल्या बांगड्या फिरवत राहिली. “तुमचा जीव दमाले नको म्हणून, बाई.”

“पायी येईन म्हणलं होतं मी मायले.”

“देवीले समजते,” गोमतीबाई मायेनं म्हणाली आणि भाजीच्या पालांकडं निघून गेली.

जगदेवचा हात थांबला होता. “मंग? शिवू का राहू देऊ?”

तुळसाबाईनं खाली पाहिलं. पाय उचलला होता आणि चामड्यावर नुसती रेघ उरली होती. आपला पाय असा आपल्यापासून वेगळा तिनं पहिल्यांदाच पाहिला. मोठा होता खरा. पण पायच होता.

“शिव. सप्तमीले नको, पंचमीले दे. सकाळीच.”

“जथ्था तं सप्तमीले निंगते.”

“मी हळू चालतो. दोन दिवस आधी निंगली तं कोनाले थांबा लागनार नाई.”

पंचमीला तिनं घराला कुलूप लावलं. जगदेवनं वहाणा तेल पाजून ठेवल्या होत्या. पायात घालून तिनं त्याच्या दारापुढच्या निंबाभोवती एक फेरी मारली. पट्टा कुठंच रुतत नव्हता. ती तशीच गावातून निघाली, पाठीला गाठोडं, खांद्याला छागल, हातात काठी. नव्या वहाणा पावलागणिक करकर वाजत होत्या. देवळाच्या ओट्यावर दोघं-तिघं बसले होते. गोमतीबाई दारात बसून गहू निवडत होती, तिनं आवाजासरशी मान वर केली, आणि पोरानं घरातून हाक मारली म्हणून आत गेली.

वेशीपाशी तुळसाबाई थांबली. पदर सारखा केला. तो सारखाच होता. मग गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. एक गाडी गावात शिरली, दोन बकऱ्या बाहेर पडल्या. तिनं काठी उचलली.

दोन कोसांवर उन्हं चढली तेव्हा ती पळसाखाली बसली. मांड्या सोलल्या नव्हत्या. धोतराचा बेत बरोबर निघाला होता. तिला हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं.

वाटेनं तांड्यावरची एक म्हातारी आली. डोक्यावरची सरपणाची मोळी तिनं उतरवली आणि सावलीला टेकली. तुळसाबाईनं तिला छागलीतलं पाणी दिलं. पाणी पिऊन म्हातारीनं तिच्या काठीकडं, गाठोड्याकडं, वहाणांकडं पाहिलं.

“कोठं चालली, बाई?”

“माहूरले.”

“एवढ्या दूर? एकलीच?”

तुळसाबाईनं छागलीचं तोंड बांधलं.

“नाई,” ती म्हणाली. “मांगून येऊन राह्यले.”

म्हातारीनं कपाळावर आडवा हात धरून मागं पाहिलं. केनवडच्या वेशीवरच्या चिंचांपर्यंत वाट सगळी रिकामी दिसत होती. मग तुळसाबाईनंही मान वळवून पाहिलं.