विमान वर गेलं

विद्याचं बारसं झालं ते साल १९५८. त्याच साली विमान कारखान्यात नोकरीला असलेल्या तिच्या वडिलांनी, उमाकांतने, बंगळुरातल्या घरी लाकडाचं छोटं विमान करायला घेतलं. विद्या शाळेत जाऊ लागली तरी ते उडेना; कधी पंख वाकायचा, कधी शेपूट जड व्हायचं.

"कारखान्यातली विमानं उडतात, कारण तिथे तुम्ही एकटे नसता," बायको वीणा म्हणायची.

एकदाचं ते मैदानात उडालं. शेजारचे मल्लाप्पा आनंदाने दारात येऊन ओरडले, "अक्का, मेले! मेले!" वीणाने हंबरडा फोडला, पाठोपाठ बांगड्याही फोडल्या. तेवढ्यात उमाकांतच हसत घरात आला. कन्नडात 'मेले' म्हणजे 'वर', हे तिला तेव्हा कळलं.

त्या फजितीनंतर वीणा जिद्दीने कन्नड शिकली, आणि मल्लाप्पा मराठी.

पुढे एका दसऱ्याला उमाकांत नवं विमान घेऊन मैदानात गेला. थोड्या वेळाने मल्लाप्पा धापा टाकत आले. "अक्का, उमाकांतराव... मेले."

"गेलं का वर? सरी, सरी, छान झालं!" म्हणत वीणा हसत गच्चीवर धावली आणि आभाळात विमान शोधू लागली.



उमाकांत १९६७ च्या त्या दसऱ्याला मैदानातच वारला. विमान त्याच्या हातातच होतं.