गोदाची अल्बारिन्यो

म्हैसूरकडच्या एच. डी. कोटे गावाजवळ पद्मनाभ वीस वर्षं वाइन करत होता. त्याच्याकडूनच शिकून शेजारच्या गोदानं स्पेनच्या किनाऱ्यावरची अल्बारिन्यो द्राक्षं लावली. यंदाची पांढरी वाइन म्हैसूरच्या स्पर्धेला पाठवण्याआधी तिनं पहिला ग्लास त्याच्याच हातात दिला.

"कशी झालीय, अण्णा? खरं सांगा."

एका घोटातच त्याला कळलं, इतकी तजेलदार वाइन आपल्या हातून कधीच झाली नाही. त्याचा जीव जळला.

"फारच आंबट झालीय गं," तो तोंड वाकडं करत म्हणाला.

गोदानं स्पर्धेचा अर्ज फाडून टाकला.

"बरं झालं तुम्हाला विचारलं, अण्णा. कोविड झाल्यापासून मला चवच कळत नाही."