बियाण्याचं पोतं

कालव्याच्या वाटेतला शेवटचा खडक तेवढा उरला आणि तो खोदणाऱ्या कंपनीचे पैसे संपले. सुरुंगाची दारूही कोणी उधार देईना. तेव्हा आयडाहोच्या त्या माळावर जो तो शेतकरी सुरुंगाच्या खर्चासाठी घरातलं काहीबाही विकू लागला. एझ्राने बायकोचा डोळा चुकवून बियाण्याचा गहू विकला. पाणी आल्यावर शेजारचं कुणीही देईल की पोतंभर!

खडक फुटला. ऐन पेरणीत पाणी खळाळत बांधाशी आलं. पण शेजाऱ्यांनीही नेमका तोच विचार केला होता. माळावर कुणाकडेच दाणा नव्हता.

"हल्डा, पाणी आलं गं!" तो ओरडला.

"आलं खरं," बायको म्हणाली. तिने रिकामं पोतं उलटं केलं, शिवणीत अडकलेले सात दाणे नखाने टोकरून काढले आणि त्याच्या तळहातावर ठेवले.

"घे, पेर."