ज्येष्ठमध

भल्या पहाटे गिरगावातल्या त्या चाळीखालून जाताना तात्यांच्या कानी पडायचा तो आवाज. नळावरचं भांडण थबकायचं, दूधवाला जिन्यातच उभा राहायचा. वर माडीवर जाईबाई नुसता खर्ज लावून बसलेली असायची. गाणं अजून सुरूही झालेलं नसायचं. तात्या तेव्हा पोरसवदा पेटीवाले. त्या आवाजामागून पेटी धरायची म्हणजे वाहत्या पाण्यात दिवा सोडायचा. हात काढून घ्यायचा आणि बघत राहायचं.

आज तीच जाईबाई दादरच्या स्टुडिओत मायक्रोफोनपुढे उभी होती. हाडांवर इरकली लुगडं नेसवावं तशी. गालात ज्येष्ठमधाची काडी.

"गिरगावातून निघाल्यापासून एकदा तरी खोकले का रे? सांग की!" ती ऐटीत म्हणाली. "सकाळपासून चघळतेय. अन्नाचा कण घेतला नाही, गळा मोकळा राहावा म्हणून."

तात्यांनी पेटीवरची नसलेली धूळ पुसली.

सिनेमा एका जुन्या फ्रेंच कादंबरीवरून बेतलेला. शामराव दिग्दर्शकांनी पॅरिसची ती गणिका उचलून पेशव्यांच्या पुण्यात आणली, तिची फुलं बदलून मोगरा दिला, प्रियकराला पगडी घातली. क्षय तेवढा तसाच ठेवला. पण नटी खोकली की मांजर शिंकल्यासारखं वाटे.

"खरा खोकला पाहिजे, तात्या! आहे का कुणी ओळखीचं?" शामरावांनी विचारलं, आणि तात्यांच्या तोंडून नाव निसटलं. मग जाईबाईच्या दारात उभं राहून त्यांना एवढंच म्हणवलं, "स्टुडिओत बोलावलंय."

"गायला?" तिनं विचारलं होतं. केवढी उजळली होती! तात्या खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करत राहिले होते.

"सायलेन्स!" काचेआडून शामराव ओरडले. "हं बाई, खोका. शेवटचा श्वास आहे असं समजा."

जाईबाई हसली. "अहो, गाण्याआधी कुणी खोकतं का?"

"खोका हो! फिल्म वाया चाललीय."

आवाजाची चाचणी असेल, असं समजून तिनं छातीला हात लावला, जोर केला. खोकला येईना. रात्र रात्र जो तिला उशीला टेकू देत नसे, तो आज ज्येष्ठमधानं मुकाट बसवला होता.

"काय तात्या, हाच का तुमचा खात्रीचा माल?"

तेवढ्यात रस्त्यावरून आरोळी उठली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" परळकडून मोर्चा येत होता. भिंती घुमल्या.

शामरावांनी कपाळाला हात लावला. "थांबा सगळे. जाऊ दे मोर्चा. नाहीतर बाजीरावाच्या पुण्यात ही घोषणा ऐकू यायची!" काचेआडची माणसं खिडकीकडे धावली.

जाईबाई तात्यांकडे झुकली. "रागावले का रे ते? त्यांना म्हण, एकदा ऐका तरी. काळी चार आता नाही झेपायची. काळी दोन दे."

तात्यांची बोटं आपसूक पट्टीवर गेली. तिनं सूर लावला. धागा झिजून झिजून केसाएवढा उरला होता, पण रेशमाचा होता. बाहेर घोषणांचा पूर, आत यंत्र बंद. एकट्या तात्यांनी तो सूर ऐकला. सूर नेमका जागेवर लागला तशी तिनं हलकेच मान हलवली, गिरगावात हलवायची तशीच.

मोर्चा पुढे सरकला. घोषणा विरत गेल्या. शामरावांनी हात वर केला, दारावरचा लाल दिवा लागला.

"झालं, लागला गळा," ती लहान पोरीसारखी कुजबुजली. "आता आधी गाणंच घ्या म्हणावं. खोकला काय, मागाहून देते."

तात्यांनी पेटीचा भाता मिटला. काचेवर शामराव बोटं वाजवत होते.

"बाई, त्यांना तुमचा खोकलाच हवाय," तात्या म्हणाले. "गाणं कालच झालं. दुसऱ्या बाईंनी म्हटलं. पेटीला मी होतो."